आत्याचा दाखला

गुरुवार

आत्याला पासपोर्ट काढायचा आहे. मुलगी मस्कतला असते, तिने बोलावलंय. आधार कार्डावर जन्माचं नुसतं साल, जन्मदाखला कधी काढलेलाच नाही, आणि लग्नानंतर नाव पूर्ण बदललेलं. एजंट म्हणाला, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर काम सोपं होईल. दाखल्याची मूळ प्रत आजोबांच्या ट्रंकेत होती. ती ट्रंक वाळवीने खाल्ली. म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या आणि रजा शिल्लक असलेली मी, अशा दोघी देवळाली कॅम्पहून मुंबईला निघालो.

शाळा चर्चची. मध्य मुंबईतली. वसतिगृह वगैरे काही नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे.

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये आत्याला खिडकी मिळाली. इगतपुरीला तिने डबा उघडला. मेथीचे ठेपले, लिंबाचं लोणचं. "शाळेतही हेच न्यायचे मी," म्हणाली. "पाणी मात्र शाळेतलं प्यायचे. घरी सांगितलं नव्हतं."

सव्वाअकराला आम्ही शाळेच्या ऑफिसात होतो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, वर्ष विचारलं, आणि १९६० हा आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. इतकी जुनी जनरल रजिस्टरं आतल्या कपाटात, कपाटाची किल्ली मोठ्या क्लार्ककडे, मोठे क्लार्क गावी. सोमवारी येतील.

"फोनवर सांगितलं असतंत तर," मी म्हटलं.

"फोन बंद आहे ऑफिसचा. केबल तुटलीय."

पावसाळ्यात तुटली म्हणे. आता डिसेंबर.

परत जाऊन सोमवारी पुन्हा येण्यात अर्थ नव्हता. लालबागला माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. तीन दिवस मोकळे. संध्याकाळी चहा पिताना आत्या म्हणाली, "शाळा बघायला आलोय ना, मग शाळाच बघू. माझी नाही तर दुसऱ्यांच्या." तिला हसू आलं होतं, पण मला कल्पना पटली.

शुक्रवार

फोर्टपासून सुरुवात केली. मुंबईतल्या चर्चच्या शाळांची गोष्ट तिथूनच निघते. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८च्या नाताळात उघडलं. चर्चगेट स्टेशनाला ज्या वेशीवरून नाव पडलं, ती किल्ल्याची वेस याच चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. चर्च बांधण्यामागे रिचर्ड कॉब नावाचा पाद्री होता आणि त्याच साली त्याने चर्चजवळच्या घरात एक धर्मार्थ शाळा काढली. मुलं किती? बारा. सगळी गरीब. त्यांनी राहायचंही तिथेच, जेवायचंही तिथेच. या बारा मुलांचं पुढे काय झालं ते उद्याच्या दिवसात येईल, कारण ती शाळा भायखळ्याला गेली आणि तिचा एक तुकडा आमच्या देवळालीत येऊन पडला.

कॅथेड्रलमध्ये आत्या बाकावर बसली आणि भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचत राहिली. कोण ताप येऊन गेला, कोण बोट बुडून. वयं वाचून म्हणाली, "ही तर पोरंच होती सगळी."

तिथून धोबीतलाव. सेंट झेवियर्स जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचं, १८६९चं. सुनील गावसकर इथल्या शाळेतले, हे रस्त्यावरचा कुणीही सांगेल. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त रंजक वाटते. मुंबईतले तेव्हाचे जेझुइट बहुतांश जर्मन होते. पहिलं महायुद्ध लागलं आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे मास्तर रातोरात शत्रूचे नागरिक झाले. काहींना स्थानबद्ध केलं, बहुतेकांना परत धाडलं. त्यांची जागा पुढे स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. फळ्यावरचं गणित तेच, शिकवणाऱ्याचा उच्चार तेवढा बदलला असणार.

दुपारी गिरगाव. आता खरा विषय.

जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत उतरला. स्कॉटिश मिशन त्याआधी कोकणात आलेलं होतं, बाणकोट-हर्णैच्या बाजूला, १८२३ पासून. विल्सनने आधी मराठी शिकून घेतलं. त्याची बायको मार्गारेट हिने त्याच वर्षी मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. गावदेवीतली सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ तिच्याकडेच नेते. मार्गारेट १८३५ साली गेली, म्हणजे मुंबईत तिला जेमतेम सहा वर्षं मिळाली. विल्सनने १८३२ साली गिरगावात आंब्रोळीला मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज तिथूनच उगवलं. कॉलेजची दगडी इमारत १८८९ची, आणि शहरात माझ्या मते सगळ्यात कमी तोरा मिरवणारी गॉथिक इमारत तीच.

आम्ही आंब्रोळी चर्चच्या आसपास दोन फेऱ्या मारल्या. आत्याचे पाय दुखायला लागले म्हणून एका बाकड्यावर बसून उसाचा रस घेतला, आणि तिथे मी तिला ती गोष्ट सांगितली.

या शाळांमध्ये ब्राह्मण, प्रभू, पारशी घरांतली मुलं यायची. रोज बायबलचा तास व्हायचा, हे आईबापांना ठाऊक होतं. तरी पाठवायचे. इंग्रजी हवं होतं, फी नाममात्र, आणि मुख्य म्हणजे मुलगा संध्याकाळी घरी यायचा. जेवण घरचं, पाणी घरचं, झोप घरची. दिवसभर पाद्रीबुवा काय सांगतात ते सांगोत, रात्री आईच्या हातचा भात खाल्ला की सगळं निस्तरलं, असा हिशेब. मिशनऱ्यांचाही हिशेब होताच, फक्त उलट्या बाजूने.

१८३९ साली हा हिशेब मोडला. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते घरी परतले नाहीत. विल्सनच्या घरी राहिले. पारशी समाज खवळला, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने धनजीभाईला विचारलं, कुठे राहायचंय? तो म्हणाला, इथेच. शाळेतले पारशी विद्यार्थी भराभर काढून घेतले गेले. धनजीभाई पुढे विल्सनबरोबर स्कॉटलंडला जाऊन पाद्री होऊन आला.

चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला आणि त्यांच्यात जेवला. बापाने कोर्ट गाठलं. या वेळी मुलगा लहान म्हणून कोर्टाने बापाच्या हवाली केलं. पण घरी आणलेल्या पोराला घरात घ्यायचं कसं? तो बाहेर जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि मग त्यांनाच ग्रामण्याचा, म्हणजे जातीतल्या बहिष्काराच्या वादाचा, ताप सोसावा लागला. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारा, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारा माणूस, आणि त्याला एका बारा वर्षांच्या पोराच्या ताटावरून वाळीत टाकायची भाषा झाली.

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्चच फुटलं. विल्सन आणि त्याचे सहकारी नव्या फ्री चर्चबरोबर गेले. परिणामी इमारत जुन्या चर्चकडे राहिली आणि मास्तर व मुलं बाहेर पडली. चार वर्षांत शाळेने मुलं गमावली, छप्पर गमावलं, आणि तरी ती चालली. याचं मला नवल वाटतं.

आत्याने रसाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं," म्हणाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. "पण भीती माहीत होती. साडेपाचच्या ठोक्याला गॅलरीत उभे असायचे."

खोताच्या वाडीतून चालत निघालो. लाकडी जिने, कुंड्या, नाताळचे कागदी तारे टांगायला सुरुवात झालेली. एका घरातून तळणीचा वास आला. आत्या तिथे जरा जास्तच रेंगाळली.

शनिवार

भायखळा. स्टेशन नुकतंच जुन्या रूपात उजळवलंय, त्याचं कौतुक करून मिर्झा गालिब मार्गाला लागलो. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलं तर त्याने विचारलं, "म्हणजे क्लेअर रोड का?" म्हटलं, हो.

इथे क्राइस्ट चर्च आणि क्राइस्ट चर्च स्कूल शेजारी शेजारी. फाटकाबाहेर उभं राहून मला जी गंमत वाटली ती देवळालीच्या माणसालाच वाटेल. आमच्याकडे टेकडीकडे बार्न्स स्कूल आहे. लहानपणी त्या पोरांचे ब्लेझर बघून आम्हाला ती इंग्लंडहून आली असावीत असं वाटायचं. ती आली भायखळ्याहून.

ते असं. कॉबच्या त्या बारा मुलांची शाळा शंभर वर्षं कशीबशी चालली. १८१५ साली मुंबईचे पहिले आर्चडीकन, म्हणजे वरिष्ठ पाद्री, जॉर्ज बार्न्स यांनी गरिबांच्या शिक्षणासाठी एक सोसायटी काढली, पुढे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली ती. सोसायटीने ती जुनी शाळा आपल्याकडे घेतली. मुलं मुख्यतः युरोपियन सैनिकांची, अनाथ, अर्धअनाथ. फोर्टातली जागा अपुरी पडली म्हणून १८२५ साली भायखळ्याला नव्या इमारती झाल्या. तेव्हा हे उपनगर, हवा मोकळी. मग आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, धूर आला, वस्ती दाटली. शंभर वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. १९२५ साली निवासी मुलांना घाट चढवून देवळालीला नेलं आणि तिथल्या शाळेला बार्न्सचं नाव दिलं. भायखळ्याला राहिली ती रोज येऊन-जाऊन करणारी मुलं. त्यांची शाळा म्हणजे हे क्राइस्ट चर्च स्कूल.

म्हणजे ज्यांना घर नव्हतं ती घाटावर गेली आणि ज्यांना संध्याकाळी जायला घर होतं ती मुंबईत राहिली. बार्न्समध्ये पुढे सुखवस्तू घरांतली पोरं आली हा भाग वेगळा.

याच सोसायटीचा आणखी एक फाटा आहे आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवा. १८२० साली सोसायटीने देशी मुलांच्या शाळा आणि पुस्तकं यांसाठी एक समिती नेमली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आशीर्वाद होता. देशी मुलांना ख्रिस्ती धर्मग्रंथ शिकवणाऱ्या संस्थेच्या पोटात हे काम नीट व्हायचं नाही हे लवकरच ध्यानात आलं आणि १८२२ साली समिती वेगळी निघाली. तिने मराठीत गणित, भूमिती, गोष्टींची पुस्तकं करून घेतली, शिळाछापावर छापली. सदाशिव काशीनाथ छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस, त्यांच्यानंतर बाळशास्त्री. एल्फिन्स्टन संस्था याच ओळीतली. आपली शालेय मराठी, ते 'समजा की एका माणसापाशी' छापाचं गद्य, चर्चच्या सोसायटीतून फुटून निघालेल्या एका समितीच्या टेबलावर घडलं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच इतकं कोरडं आहे."

भायखळ्याला अमेरिकन मराठी मिशनही होतं. ह्यूम मेमोरियल चर्च अजून उभं आहे, ह्यूम हायस्कूलही त्याच मिशनचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत आले. कंपनी सरकारने लगेच परत जायला फर्मावलं, कारण इंग्रज-अमेरिका युद्ध चालू होतं आणि कंपनीला मिशनरी तसेही नको होते. ते कसेबसे टिकले, आणि कंपनीच्या नव्या सनदेनंतर वाट मोकळी झाली. या मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. हॉल मात्र १८२६ साली नाशिकहून मुंबईला परतताना पटकीने वाटेतच गेला. आज चार तासांत आपण ठेपले खात जातो तो रस्ता.

मिशनचा छापखाना होता. तिथे टॉमस ग्रॅहमने देवनागरी खिळे सुबक केले, आणि त्याच छापखान्यात हाताखाली शिकलेला पोरगा जावजी दादाजी, ज्याने पुढे निर्णयसागर काढला. पोथ्या-पंचांगांचा सगळ्यात देखणा छापखाना, आणि अक्षरांचं गुरुकुल पाद्र्यांचं.

एक निरीक्षण नोंदवते. या भागातल्या प्रत्येक जुन्या शाळेच्या वेबसाइटवर, नाहीतर फाटकावर, 'पहिली' हा शब्द आहे. मुलींची पहिली, इंग्रजी पहिली, पश्चिम भारतातली पहिली. आत्या दुपारपर्यंत मोजत होती, मग कंटाळली.

संध्याकाळी मावसबहिणीचा मुलगा विचारत होता, पाद्र्यांच्या शाळांना सरकार पैसे का द्यायचं? मी सांगितलं, १८५४ साली वुडचा खलिता आला, त्यात अनुदानाची पद्धत ठरली. शाळा कुणाचीही असो, लौकिक विषय नीट शिकवते का ते इन्स्पेक्टर पाहणार आणि पैसे देणार. मग १८५७ला विद्यापीठ, मॅट्रिकची परीक्षा. बाप्तिस्मे किती झाले यापेक्षा मॅट्रिकला किती बसले याचा हिशेब मोठा झाला. माझं मत असं की या शाळांना बदललं ते टीकाकारांनी नाही, इन्स्पेक्टरने. मुलगा मोबाइलकडे वळला होता.

रविवार

वांद्रे. फार लिहिण्यासारखं नाही, कारण आत्याचा गुडघा सुजला होता आणि आम्ही रिक्षातूनच बरंचसं पाहिलं. सेंट अँड्र्यूज चर्च सोळाव्या शतकातलं, त्याच्या पॅरिशची शाळा १७८०ची. सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची. इथली गोष्ट गिरगावपेक्षा निराळी. ही मुलं मुळात गावातलीच ख्रिस्ती, मराठीच बोलणारी, ईस्ट इंडियन. शाळा त्यांच्याच चर्चच्या अंगणात, तेव्हा बाटण्याचा प्रश्नच नव्हता. १८८७ साली राणीच्या ज्युबिलीच्या वेळी त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, ते गोव्याहून आलेल्यांपासून आपण वेगळे हे कळावं म्हणून. त्यामागे नोकऱ्यांची स्पर्धा होती.

येताना दादरला पोर्तुगीज चर्चपाशी उतरलो. शेजारी अँटोनियो डिसिल्व्हा हायस्कूल. मिस्सा सुटली होती. फाटकापाशी तीन-चार बायका शाळेविषयीच बोलत होत्या, अ‍ॅडमिशनचं काय झालं म्हणून. आत्या त्यांच्यात जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्याकडे गुडघ्यावर लावायच्या तेलाचं नाव होतं.

सोमवार

मोठे क्लार्क आले होते. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मऊ. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि शिपायाला कपाट उघडायला सांगितलं. डांबरगोळ्यांचा भपकारा आला.

रजिस्टर दोन हातांनी धरून आणावं लागलं. लांबट, कापडी बांधणीचं, कोपऱ्यांना लाल कॅनव्हास, कणा चिकटपट्टीने सांधलेला. पानं कडेला तपकिरी, आत अजून पांढरी. एक विद्यार्थी म्हणजे दोन पानांवर पसरलेली एक आडवी ओळ: नंबर, नाव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मागील शाळा, दाखल दिनांक, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, सोडल्याचा दिनांक, कारण, शेरा. आईच्या नावाला रकाना नव्हता, तेव्हा नसायचाच. क्लार्कसाहेब बोटाला थुंकी न लावता, रबराच्या टोपीने पानं उलटत होते. एका पानावर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, पारशी, सगळे एकाच अक्षरात.

"ह्या बघा," ते म्हणाले.

आत्याचं माहेरचं नाव. निळ्याकाळ्या शाईत, निबेचं अक्षर, काना जाड आणि वेलांटी बारीक. जन्मतारीख १ जून १९५१. तिच्या वर एक जून, तिच्या खाली एक जून.

"माझा जन्म कोजागरीचा," आत्या म्हणाली.

"या पानावर सगळे एक जूनचेच," क्लार्कसाहेब म्हणाले. "जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. पालकांनी तारीख सांगितली नाही तर मास्तर हीच टाकायचे. आता दाखल्यावर हीच येईल. बदलता येत नाही."

"राहू दे. पासपोर्टाला चालेल."

मग आत्या उजवीकडच्या पानाकडे सरकली. मीही वाकून पाहिलं. इयत्ता नववी. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. सोडल्याचा दिनांक ७ जानेवारी १९६६. कारण: पालकांची इच्छा.

आमच्या घरात आजवर सांगितलं गेलं होतं की अण्णांची देवळालीला बदली झाली म्हणून आत्याची शाळा सुटली. बदली १९६७ची. बाबांच्या तोंडून ते साल मी शंभरदा ऐकलंय.

क्लार्कसाहेबांनी दाखल्याचा फॉर्म ओढला. "वर्षाच्या मध्येच काढलं का हो तुम्हाला?"

"नाताळचं नाटक होतं," आत्या म्हणाली. "मी मरिया होते. डिकॉस्टा टीचरनी आईकडून निळं लुगडं आणायला सांगितलं होतं, ते नेलं. नाटक संपून टीचरच्या घरी केक खाल्ला. घरी पोचायला पावणेनऊ झाले." थोडं थांबून म्हणाली, "अण्णा गॅलरीत नव्हते. खाली रस्त्यावर होते."

ती मरिया झाली होती हे मला नव्याने कळत होतं. केक कसला होता विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

क्लार्कसाहेब लिहीत होते. कारणाच्या रकान्यापाशी त्यांनी पेन उचललं. "इथे 'स्थलांतर' लिहिलं तरी चालतं, बाई. पासपोर्टवाले हे बघत नाहीत."

"रजिस्टरात आहे ते लिहा."

त्यांनी लिहिलं. शिक्का मारला, सहीसाठी मुख्याध्यापिकांकडे पाठवला. पावती फाडली. आत्याने दाखला खिडकीच्या उजेडात धरून पहिल्यापासून वाचला, शेवटी म्हणाली, "वर्तणूक लिहायची राहिली."

"अरे हो," म्हणून त्यांनी पेन पुन्हा उघडलं.